म्हैसूरचे दोड्ड स्वामी : ॲबे द्युब्वा

म्हैसूरचे नाव निघाले की वडियार घराण्याचा दसरा, हैदर-टिपूच्या लढाया आणि कावेरीचे विस्तीर्ण पात्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वरुणेच्या तलावापासून श्रीरंगपट्टणाच्या बेटापर्यंत पसरलेल्या या मुलखात मराठी माणूस फार जुन्या काळापासून वावरत आला आहे. टिपूच्या दफ्तरात फारसी व कानडीबरोबर मराठीतही हिशेब लिहिले जात, आणि त्याच्या पश्चात राज्याचा कारभार सांभाळणारे दिवाण पूर्णय्या हे देशस्थ माध्व ब्राह्मण होते. याच मुलखात, याच काळात, दूरच्या फ्रान्स देशातून आलेला एक ख्रिस्ती धर्मगुरू पुष्कळ वर्षे राहून गेला. घरापासून दूर संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांनी त्याची हकिगत आवर्जून समजून घ्यावी अशी आहे. त्यांचे नाव ॲबे जाँ-आंत्वान द्युब्वा. इंग्रजी उच्चारानुसार पुष्कळजण त्यांना दुबॉय म्हणून ओळखतात.

द्युब्वा यांचा जन्म दक्षिण फ्रान्समधील आर्देश प्रांतातल्या सँ-रमेझ या लहानशा गावचा. त्यांचा बाप्तिस्मा जानेवारी 1766 मध्ये झाला. 1792 साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि पॅरिसच्या परदेशी मिशन संस्थेतर्फे त्याच वर्षी ते हिंदुस्थानकडे निघाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटलेला होता. लवकरच धर्मगुरूंची धरपकड व कत्तल सुरू झाली आणि ज्या संस्थेने त्यांना पाठविले होते ती संस्थाही क्रांतीच्या तडाख्यात सापडली. अशा रीतीने पाँडिचेरीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या या तरुणाचा मायदेशाचा आधार जवळजवळ तुटला. पुढे इंग्रज व फ्रेंच यांच्यात युद्ध जुंपले आणि आयुष्यातील उमेदीची सर्व वर्षे त्यांना शत्रुराष्ट्राच्या सत्तेखाली काढावी लागली. त्याच सत्तेने मात्र पुढे त्यांच्यावर विश्वास टाकला.

आरंभीची काही वर्षे त्यांनी तमिळ मुलखात घालविली. तेथेच त्यांच्या जीवनक्रमाची घडी बसली. आपण ज्या लोकांत राहावयाचे त्यांच्यासारखेच राहावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. युरोपीय पोशाख बाजूस ठेवून त्यांनी लांब अंगरखा व पागोटे धारण केले. मांसाहार सोडला, भातभाजीवर ते संतुष्ट राहू लागले. गावकऱ्यांच्या रूढी कितीही विचित्र वाटल्या तरी चेहऱ्यावर तिटकारा उमटू न देण्याची शिस्त त्यांनी अंगी बाणविली. तमिळ व कानडी या भाषा त्यांनी लोकव्यवहारातून आत्मसात केल्या. या वागणुकीमुळे सर्व थरांतील माणसे त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागली. टॉमस हिकी या चित्रकाराने काढलेल्या त्यांच्या चित्रात पागोटे घातलेले, हाती काठी घेतलेले एक दाढीधारी वृद्ध दिसतात. हा गृहस्थ फ्रेंच असेल असे कोणास सहसा वाटणार नाही.

4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. या घटनेने द्युब्वांच्या आयुष्याला निर्णायक वळण मिळाले. 1784 मध्ये टिपूने कारवार-मंगळूर किनाऱ्यावरील कोकणी बोलणाऱ्या हजारो ख्रिस्ती लोकांना कैद करून घाटावर श्रीरंगपट्टणास आणले होते. त्यांच्या नेमक्या संख्येविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु वाटेत व बंदिवासात पुष्कळजण दगावले आणि अनेकांना बळजबरीने धर्म बदलावा लागला, याविषयी दुमत नाही. पंधरा वर्षांनी बंदिवास सुटला तेव्हा कुटुंबे विखुरलेली, जमिनी गेलेल्या आणि मने खचलेली होती. किनाऱ्यावरची माणसे बव्हंशी परत गेली. म्हैसूर प्रांतात जे ख्रिस्ती उरले होते त्यांची घडी पुन्हा बसविण्यासाठी द्युब्वांना बोलावण्यात आले. या कामी कर्नल आर्थर वेलस्ली यांची शिफारस होती, असे सांगतात. हेच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून गाजले. असईच्या रणांगणामुळे मराठी इतिहासाला तर ते चांगलेच परिचित आहेत.

मोडलेला समाज उभा करावयाचा तर केवळ उपदेश पुरत नाही, हे द्युब्वांनी ओळखले. श्रीरंगपट्टणाजवळ गंजाम येथे प्रार्थनामंदिर उभे राहिले. पण त्याहून निकडीचा प्रश्न होता तो चरितार्थाचा. हसन जिल्ह्यातील सातहळ्ळी येथे त्यांनी निराधार कुटुंबांची शेतकी वसाहत वसविली. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे, तंटे मिटविणे, आजाऱ्यांची विचारपूस करणे, लग्ने लावणे आणि मृतांना मूठमाती देणे हाच त्यांचा नित्यक्रम होता. तेथील लोक त्यांना दोड्ड स्वामी, म्हणजे थोरले स्वामी, म्हणत. त्यांच्यामागे कित्येक दशके लोटल्यावरही सातहळ्ळीच्या परिसरात या नावाने त्यांची आठवण काढली जात होती. हे नाव कानडी आहे आणि ते लोकांनी आपण होऊन दिलेले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्यांच्या हातून घडलेले सर्वांत लोकोपयोगी कार्य मात्र धर्मकार्याच्या कक्षेबाहेरचे आहे. त्या काळी देवीच्या रोगाने गावेच्या गावे ओस पडत. आपल्या भाषेत रोगाला आणि देवतेला एकच शब्द आहे, यावरूनच या रोगाविषयीचे भय व भक्ती किती एकजीव झाली होती ते कळते. म्हैसूरकडे मारी किंवा मारिअम्मा हिच्याविषयी तीच भावना होती. 1798 साली इंग्लंडात डॉक्टर जेन्नर यांनी गायीच्या देवीपासून लस टोचण्याची रीत प्रसिद्ध केली. बगदाद व बसरा या मार्गाने ती लस मुंबईस पोहोचली आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी लस होय. तेथून ती देशाच्या इतर भागांत गेली.

ही लस गावोगाव नेणे म्हणजे काय होते, याची आज कल्पना येणे कठीण आहे. बर्फ नव्हता, शीतपेटी नव्हती. एका मुलाला टोचल्यावर आठव्या दिवसाच्या सुमारास त्याच्या दंडावर फोड भरे. त्यातील द्रव घेऊन तो दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचावा लागे. साखळी तुटली की लस संपली. शिवाय एका जातीच्या मुलाच्या अंगातील द्रव दुसऱ्या जातीच्या मुलाच्या अंगी घालावयाचा, ही गोष्ट त्या समाजात किती अवघड होती हे सांगावयास नको. देवीचा कोप होईल ही धास्ती होतीच. अशा वेळी डॉक्टरांच्या ज्ञानाइतकीच ओळखीच्या माणसाची गरज होती. द्युब्वांनी हे काम अंगावर घेतले आणि 1803-04 च्या सुमारास म्हैसूर प्रांतात 25,000 हून अधिक लोकांना लस टोचली गेली. वर्षानुवर्षे गावकऱ्यांच्या पंक्तीला बसून जो विश्वास त्यांनी मिळविला होता, त्याचे सार्थक येथे झाले. याच काळात म्हैसूरच्या राजघराण्यानेही लशीचा पुरस्कार केला. हिकी यांनीच 1805 च्या सुमारास रंगविलेल्या म्हैसूरच्या राण्यांच्या एका चित्रात टोचलेला दंड मुद्दाम दाखविला आहे, असे मत अलीकडील एका संशोधकाने मांडले आहे. 1977 साली भारत देवीमुक्त जाहीर झाला. त्या दीर्घ लढ्याच्या पहिल्या फळीत या फ्रेंच धर्मगुरूचे स्थान आहे.

जगाला द्युब्वा ठाऊक आहेत ते त्यांच्या ग्रंथामुळे. हिंदूंच्या चालीरीती, संस्कार व आचार यांवरील त्यांचे फ्रेंच हस्तलिखित म्हैसूरचे रेसिडेंट विल्क्स यांच्या नजरेस आले आणि मद्रास सरकारने ते 2,000 स्टार पॅगोडा, म्हणजे होन, देऊन विकत घेतले. मद्रासचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंक यांना त्याचे मोल वाटले होते. पुढे 1829 मध्ये सतीबंदीचा कायदा करणारे ते हेच. 1816 मध्ये लंडनला इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले, 1825 मध्ये पॅरिसला सुधारलेली मूळ फ्रेंच आवृत्ती निघाली आणि 1897 मध्ये ब्यूचँप यांनी नवे इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डहून काढले. त्याला माक्स म्युल्लर यांचे प्रास्ताविक लाभले. मुंज-विवाहापासून अंत्यविधीपर्यंतचे बारीक तपशील देणारा हा ग्रंथ कित्येक पिढ्या प्रमाण मानला गेला.

या कीर्तीला एक गालबोट आहे आणि चरित्र लिहिताना ते झाकणे योग्य होणार नाही. सिल्विया म्यूर या फ्रेंच विदुषींनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने सिद्ध केले की ग्रंथाचा मोठा भाग कर्दू नावाच्या जेझुइट धर्मगुरूच्या 1777 च्या हस्तलिखितावर आधारलेला आहे. कर्दू 1779 मध्ये वारले होते आणि संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी असलेले नाते सर विल्यम जोन्स यांच्या आधी ओळखणारे ते मोठे विद्वान होते. द्युब्वांनी त्या लेखनाला आपल्या अनुभवाची जोड दिली, परंतु मूळ लेखकाचे ऋण नोंदविले नाही. ग्रंथात आणखीही दोष आहेत. ब्राह्मणवर्गाविषयी त्यांची लेखणी अनेक ठिकाणी कडवट होते आणि जातिसंस्थेच्या अन्यायापेक्षा तिच्या व्यवस्थेचे त्यांना अधिक कौतुक वाटते. त्यांच्या काळाच्या व धर्माच्या मर्यादा तेथे स्पष्ट दिसतात.

ग्रंथाच्या बाबतीत ते मौन पाळून राहिले असले, तरी स्वतःच्या कार्याचा हिशेब मात्र त्यांनी निर्भीडपणे मांडला. 1823 मध्ये लंडनला त्यांची हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्माच्या स्थितीविषयीची पत्रे छापली गेली. एका देशी धर्मगुरूचे साहाय्य असूनही इतक्या वर्षांत आपल्या हातून जेमतेम दोन-तीनशे माणसांचे धर्मांतर झाले, आणि त्यांतलेही बहुतेक मनापासून आले नव्हते, असे त्यांनी कबूल केले. त्यांच्या मते हिंदूंचे धर्मांतर करणे सद्यःस्थितीत अशक्यप्राय होते. मिशनरी मंडळींत या पत्रांनी खळबळ उडाली. हौ व टाउनले या इंग्रज मिशनऱ्यांनी त्यांना उत्तरे लिहिली. ज्या कामासाठी घरदार सोडले ते काम साधले नाही, हे आयुष्याच्या उतरणीवर उघडपणे सांगण्यास मोठे धैर्य लागते.

जानेवारी 1823 मध्ये, एकतीस वर्षांच्या वास्तव्यानंतर, त्यांनी हिंदुस्थानचा निरोप घेतला. कंपनीने त्यांना निवृत्तिवेतन दिले. पॅरिसला ते आपल्या मिशन संस्थेच्या शिक्षणालयात संचालक झाले आणि 1836 ते 1839 या काळात संस्थेचे प्रमुखही होते. दक्षिणेतील भाषांत प्रचलित असलेल्या पंचतंत्राचे फ्रेंच भाषांतर त्यांनी 1826 मध्ये प्रसिद्ध केले. कावेरीकाठी ऐकलेला कोल्हा आणि सिंह सेन नदीच्या तीरावर नेण्याचा मोह त्यांना आवरला नसावा. 17 फेब्रुवारी 1848 रोजी ते निवर्तले.

धर्मांतराचे आकडे दोन-तीनशे आणि लस टोचलेल्यांचे पंचवीस हजार. आपल्या कार्याचे मोजमाप करताना द्युब्वांनी पहिला आकडा धरला आणि स्वतःला अयशस्वी ठरविले. म्हैसूरच्या लोकांनी मात्र त्यांना दोड्ड स्वामी म्हटले, ते त्यांनी शेजाऱ्याच्या घरात शेजाऱ्याच्या रीतीने बसून त्याच्या सुखदुःखात भाग घेतला म्हणून. गंजाम येथील चर्च आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. श्रीरंगपट्टणास पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींनी टिपूचा गुंबज आणि संगम यांबरोबर त्या लहानशा वास्तूकडेही पावले वळवावीत.