कर्मवीर भाऊराव पाटील : अल्प जीवनपरिचय

मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या पुस्तिकेत भाऊरावांचे चरित्र कशासाठी, असे एखादा म्हणेल. पण ज्या गावाने मूठमूठ धान्य आणि यथाशक्ती वर्गणी देऊन देवाचे काम तडीस नेले, त्या गावाला हा माणूस परका वाटण्याचे कारण नाही. त्यांनीही आयुष्यभर हेच केले. फरक एवढाच की त्यांनी देवळाऐवजी शाळा उभ्या केल्या.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील हे महसूल खात्यात कारकून होते. बदलीच्या नोकरीमुळे मुलाचे शिक्षण ठिकठिकाणी झाले आणि त्यात त्याचे लक्षही बेताचेच. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून लहानपणी त्यांनी विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी आठवण सांगतात. पुढे कोल्हापुरात शिकताना राजर्षी शाहू महाराजांचा सहवास लाभला. तेथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे निघालेली त्यांनी पाहिली. मात्र बहुतेक वसतिगृहे एकेका जातीची होती. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेल्यावरून भाऊरावांना स्वतःचे जैन बोर्डिंग सोडावे लागले. इंग्रजी सहावीपुढे त्यांची मजल गेली नाही. पुढे हजारो मुलांना पदवीपर्यंत नेणारा माणूस स्वतः मॅट्रिकही नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव पायपीट केली. या फिरतीत शेतकऱ्याचे घर आतून दिसले. कर्ज, कज्जेदलाली आणि अज्ञान यांच्या मुळाशी शिक्षणाचा अभाव आहे, अशी त्यांची खात्री झाली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली.

साताऱ्याच्या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन अशी अठरापगड जातींची मुले एका छताखाली राहू लागली. एकच चूल, एकच पंगत. स्वयंपाक मुलांनीच करायचा, पाणी मुलांनीच भरायचे. त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. टीकाही पुष्कळ झाली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव देण्यात आले.

या बोर्डिंगचा खरा भार उचलला तो सौ. लक्ष्मीबाईंनी. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई सर्व जातींच्या मुलांची आई झाली. मुलांच्या पोटासाठी एकेक दागिना मोडत गेला. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना बोर्डिंगात दाणा उरला नाही. तेव्हा त्या माउलीने गळ्यातले मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या निवर्तल्या. भाऊरावांचे नाव सर्वतोमुखी आहे, लक्ष्मीबाईंचे त्या मानाने फारसे कोणी घेत नाही.

पुढे काम झपाट्याने वाढले. खेड्यात शाळा तर शिक्षकही हवा, म्हणून १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. गरिबाच्या मुलाने दान मागू नये, श्रम करून शिकावे, अशी ही कमवा व शिका योजना होती. मुलांनी शेती केली, दगड फोडले, इमारती बांधल्या. गावोगाव घराघरांतून मुष्टिफंडाचे धान्य गोळा होई. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. मोठी देणगी देतो, पण कॉलेजला आमचे नाव द्या, असे एका देणगीदाराने म्हटल्याचे सांगतात. पैशाची नड असतानाही भाऊरावांनी ती देणगी नाकारली. शिवछत्रपतींचे नाव बदलणे त्यांना मान्य नव्हते. १९५४ साली कराडला निघालेल्या कॉलेजला त्यांनी नाव दिले ते झाडू हाती घेऊन गावे साफ करणाऱ्या गाडगे महाराजांचे.

१९५९ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही पदवी दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी साताऱ्यात आहे. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे.