पं. भातखंडे : संस्कृत श्लोक आणि मराठी संवाद
वाळकेश्वरी १८६० साली जन्मलेले विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील. १९०४ मधील दक्षिणयात्रेनंतर व्यंकटमखींच्या बहात्तर मेळांसमोर ठेवून त्यांनी हिंदुस्थानी रागांचे दहा थाट योजिले. मात्र वाङ्मयाभ्यासकास वेगळीच गोष्ट खुणावते. हा सिद्धांत त्यांनी ‘चतुरपंडित’ या नावाने संस्कृत श्लोकांत मांडला आणि ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’तील मराठी गुरुशिष्यसंवादांत त्याच पंडिताचा आधार परक्या ग्रंथकाराचा घ्यावा तसा घेतला. याला लबाडी म्हणणे सोपे आहे. परंतु प्राचीन ग्रंथांचा प्रचलित गायनाशी मेळ बसत नाही, हे सांगणाऱ्यालाही संस्कृताची मुद्रा आवश्यक वाटावी, हे त्या काळाविषयी बरेच सांगून जाते. युक्तिवाद फुलला तो मराठीतच. पुढे १९१६ ची बडोद्याची परिषद, १९२६ चे लखनौचे विद्यालय. १९३६ मध्ये ते निवर्तले. उत्तरेतील विद्यार्थ्यांना ते मराठी संवाद नंतर हिंदी अनुवादातून भेटले.