जॉन स्कॉट हाल्डेन

जॉन स्कॉट हाल्डेन (१८६०–१९३६) हे एडिंबरा येथे जन्मलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. विषारी वायूंचे परिणाम त्यांनी स्वतःच्या शरीरावरही अजमावले. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले.

खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्याच्या शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन तो पंगू होतो, प्रसंगी दगावतो. ब्रिटिश नौदलासाठी हाल्डेन यांनी दाबकक्षात शेळ्यांवर प्रयोग केले. ऊती नायट्रोजन निरनिराळ्या गतीने शोषतात व सोडतात, हे जाणून त्यांनी बॉयकॉट व डॅमंट यांच्यासह १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. पाणबुड्याच्या मनगटावरील आजचा संगणक बव्हंशी याच तत्त्वावर चालतो. मात्र तो खोली व वेळ मोजतो, प्रत्यक्ष बुडबुडे नव्हे; शिवाय आधीच्या बुडीचा हिशेब त्यातच असल्याने दोन बुड्यांमध्ये तो दुसऱ्यास देणे घातक ठरते.