कंपायलरची परीक्षा घेणाऱ्या ग्रेस हॉपर

मंडळी, आपल्याकडची बरीच मुले-मुली विद्यापीठात संगणकशास्त्र शिकतात. प्रोजेक्ट द्यायच्या आठवड्यात घरोघरी एकच ऐकू येते, प्रोग्राम चालतोय! चालतो खरा, पण उत्तर बरोबर देतो का, हे तपासायला वेळ उरलेला नसतो. म्हणून या वेळी आम्ही ग्रेस हॉपर यांची ओळख करून देत आहोत.

जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६. लहानपणी आतले यंत्र बघायला त्यांनी घरातली सात गजराची घड्याळे खोलून ठेवली होती! १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. केली. वासर कॉलेजात त्या गणित शिकवत, पण विद्यार्थिनींकडून निबंधही लिहून घेत आणि त्यातली भाषा तपासत. मुली कुरकुरत. केलेले काम दुसऱ्याला समजावता आले पाहिजे, असा बाईंचा खाक्या होता.

महायुद्धात वय जास्त आणि वजन कमी असूनही त्या हट्टाने नौदलात शिरल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्डच्या मार्क १ यंत्रावर रुजू झाल्या. १९४७ मध्ये मार्क २ यंत्रात, दिव्याभोवती फिरतो तसला एक पतंग अडकलेला सापडला. ही हकिगत बाई इतकी रंगवून सांगत की तो त्यांनीच पकडला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. शिवाय यंत्रातल्या दोषाला बग म्हणणे एडिसनच्या काळापासूनचे आहे.

आम्हाला त्यांचे मोठे काम वाटते ते नंतरचे. १९६६ अखेर नौदलाने त्यांना निवृत्त केले आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावले. कोबोल भाषा तेव्हा सगळीकडे होती, पण प्रत्येक कंपनीचा कंपायलर वेगळा. एका यंत्रावरचा प्रोग्राम दुसऱ्यावर अडखळे. बाईंच्या गटाने छोटे छोटे चाचणी-प्रोग्राम लिहिले. प्रत्येकात भाषेची एखादी सोय वापरायची, उत्तर आधीच ठरलेले, आणि कंपायलरचे उत्तर त्याच्याशी ताडून बघायचे. कंपनीच्या शब्दावर विसंबायचे नाही! पुढे सरकारी खरेदीतही अशी तपासणी आली.

सहा महिन्यांसाठी आलेल्या बाई, मधली एक छोटी निवृत्ती सोडली तर, १९८६ पर्यंत नौदलात राहिल्या. रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा वय होते ७९. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, आणि तो पतंग नोंदवहीत चिकटवलेला स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.