जॉन पोस्टेल : इंटरनेटची वही सांभाळणारा माणूस

तुमच्यापैकी कुणाचा दादा किंवा ताई पायथन शिकत असेल तर त्यांना एक काम सांगा. पायथनसोबत ‘एफटीपीलिब’ नावाची एक लायब्ररी फुकट येते. लायब्ररी म्हणजे इथे वाचनालय नव्हे बरं का! दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, जो आपण आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा. एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावर पोहोचवणं हे एफटीपीलिबचं काम. तिची मूळ फाइल उघडायला सांगा. अगदी सुरुवातीच्या ओळींतच नोंद आहे की ही लायब्ररी आरएफसी ९५९ या दस्तऐवजावर आधारलेली आहे. तो लिहिणाऱ्यांची नावंही तिथे आहेत : जे. पोस्टेल आणि जे. रेनॉल्ड्स.

यातलं दुसरं नाव जॉइस रेनॉल्ड्स या बाईंचं. पहिलं जॉन पोस्टेल यांचं. आजचा पाठ त्यांच्यावर आहे.

बालपण आणि शिक्षण

जॉन पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अल्टाडेना या गावी झाला. लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. पुढे इंटरनेट उभारण्यात ज्यांची नावं घेतली जातात ते व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे दोघेही याच शाळेचे विद्यार्थी. एका शाळेच्या नशिबी असं क्वचितच येतं. नंतर यूसीएलए या विद्यापीठातून पोस्टेल यांनी १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातली डॉक्टरेट मिळवली.

तिथे शिकत असतानाच अर्पानेटचं काम सुरू झालं. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचं पहिलं रोप. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री यूसीएलएमधल्या संगणकावरून शेकडो किलोमीटर दूरच्या दुसऱ्या संस्थेतल्या संगणकाला पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरं पोहोचली आणि समोरचा संगणक बंद पडला! थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न झाला आणि जमलं. ज्या गटाने हे केलं त्या गटात पोस्टेल होते.

वहीचं काम

हे जाळं विणणारी मंडळी बहुतेक विद्यार्थीच होती. कुणाला काय सुचलं, काय ठरलं, हे लिहून सगळ्यांना वाटायचं आणि त्यावर मतं मागवायची अशी पद्धत स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये सुरू केली. या टिपणांना ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजेच आरएफसी म्हणतात. हुकूम काढायचा नाही, मत मागायचं. नावातच ते आहे. या टिपणांना क्रमांक देणं, भाषा तपासणं, गोंधळ असेल तर लेखकाकडे परत पाठवणं हे काम पोस्टेल यांच्याकडे आलं आणि मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. जवळजवळ तीस वर्षं! त्या काळात सुमारे अडीच हजार आरएफसी निघाल्या. आपण शिक्षक लोक चाळीस वह्या तपासून थकतो, त्यामुळे हा आकडा मला फार मोठा वाटतो.

दुसरं काम क्रमांकांचं. ते समजायला आपल्या वसईतलं उदाहरण घेऊ. आमच्याकडे ‘होळी’ नावाचं ठिकाण आहे, तिथला बाजार सगळ्यांना माहीत. पण बाहेरगावच्या पाहुण्याला नुसतं होळीला या म्हटलं तर तो फाल्गुन पौर्णिमेची वाट बघत बसेल! गावातल्या पोस्टमनला कळतं, परक्याला कळत नाही. म्हणून पत्रावर पिनकोड लागतो, ४०१२०१. संगणक तर कायमचाच परका पाहुणा. त्याला आकडाच लागतो.

त्यातही एकाच संगणकावर बरीच कामं चालतात : कुठे ईमेल येतो, कुठे वेबसाइट दिली जाते, कुठे फाइली. एकाच बिल्डिंगमध्ये अनेक फ्लॅट असतात तसं. या फ्लॅट नंबरला ‘पोर्ट’ म्हणतात. फाइली पाठवण्यासाठी २१, ईमेलसाठी २५, वेबसाइटसाठी ८०. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एका आरएफसीत सुचवलं की हे आकडे कुणीतरी एकाने वाटावेत, म्हणजे दोघांना एकच आकडा जाणार नाही. आणि ते काम आपण करू का, असं त्यांनी तिथेच प्रश्नचिन्ह टाकून विचारलं. कुणी नाही म्हटलं नाही. तेव्हापासून ही वही त्यांच्याकडे. पुढे या कामाला ‘आयाना’ असं नाव पडलं, पण बरीच वर्षं आयाना म्हणजे पोस्टेल आणि त्यांना मदत करणाऱ्या जॉइस रेनॉल्ड्स, एवढाच सगळा कारभार होता. १९७७ पासून सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयएसआय या संस्थेत त्यांची नोकरी होती आणि वहीही तिथेच होती.

फाइल कशी जाते?

फाइल पाठवण्याच्या नियमांना एफटीपी म्हणतात. याचा पहिला मसुदा पोस्टेल यांचा नाही. तो एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. ही गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगायला हवी. त्यानंतर नियम बदलत गेले, फाटे फुटले. १९८० मध्ये पोस्टेल यांनी ते नव्याने लिहून काढले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये रेनॉल्ड्स यांच्यासोबत आरएफसी ९५९ प्रसिद्ध केली. आजही एफटीपीलिबमध्ये आपण जी जी सेटिंग भरतो ती बहुतेक तिथूनच आलेली आहेत. तीन सेटिंग नीट पाहू.

पहिलं, फाइलचा प्रकार. लेख पाठवायचा की फोटो? लेखात ओळ संपल्याची खूण वेगवेगळ्या संगणकांत वेगवेगळी असते, म्हणून लेख पाठवताना ती खूण वाटेत बदलली जाते. हीच पद्धत फोटोला लावली तर फोटोतले काही आकडे ओळ संपल्याची खूण समजून बदलले जातात आणि फोटो उघडतच नाही. म्हणून फोटो, पीडीएफ, व्हिडिओ हे सगळं ‘बायनरी’ प्रकाराने, जसंच्या तसं पाठवायचं. एफटीपीलिबमध्ये यासाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत. गोची अशी की नियमात प्रकार सांगितला नाही तर लेखच धरला जातो. १९८५ साली बहुतेक फाइली लेखांच्या होत्या, त्यामुळे तेव्हा ते बरोबरच होतं.

दुसरं सेटिंग ‘पॅसिव्ह’. एफटीपीत दोन वाटा असतात. एकीवरून बोलणं चालतं, दुसरीवरून माल जातो. जुन्या पद्धतीत आपण सर्व्हरला आपला पत्ता द्यायचा आणि मालाची वाट सर्व्हरने आपल्याकडे उघडायची. आता सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो ना? आपण बाहेर गेलो तर तो अडवत नाही, पण अनोळखी माणूस आत यायला लागला की थांबवतो. घरचा वायफाय राउटर तसाच. सर्व्हर आत यायला बघतो, राउटर त्याला थांबवतो आणि लॉगिन होऊनही फाइल काही येत नाही. यावर उपाय म्हणजे दुसरी वाटही आपणच उघडायची. हाच पॅसिव्ह प्रकार, आणि एफटीपीलिबमध्ये तो आधीपासूनच चालू असतो. गंमत म्हणजे घरोघरी असे वॉचमन येण्याच्या कितीतरी आधी ही सोय आरएफसी ९५९ मध्ये लिहून ठेवलेली होती.

पाचवी-सहावीच्या मुलांसाठी यात एक छान गणित आहे. पॅसिव्हमध्ये सर्व्हर सहा आकडे पाठवतो. पहिले चार म्हणजे पत्ता. उरलेल्या दोनांवरून पोर्ट काढायचा : पाचवा आकडा गुणिले २५६, अधिक सहावा. समजा शेवटचे आकडे १९५ आणि ८० आले, तर १९५ × २५६ = ४९९२०, त्यात ८० मिळवले की ५००००. हा झाला पोर्ट.

तिसरी गोष्ट सेटिंग नाही, उत्तर आहे. प्रत्येक आज्ञेला सर्व्हर तीन अंकी आकड्याने उत्तर देतो. पहिला अंक बघितला तरी पुरतं. १ म्हणजे सुरू केलं, थांबा. २ म्हणजे झालं. ३ म्हणजे अजून माहिती द्या, जसं ३३१ म्हणजे आता पासवर्ड सांगा. ४ म्हणजे सध्या अडचण आहे, थोड्या वेळाने पुन्हा करा. ५ म्हणजे असं जमणार नाही, उगाच पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. ५३० आला तर लॉगिन चुकलं, ५५० आला तर फाइल तिथे नाही किंवा परवानगी नाही. वेबसाइट सापडली नाही की दिसणारा ४०४ याच घराण्यातला. प्रोग्राम लिहिणाऱ्याने ४ आणि ५ यांतला फरक पाळला तर निम्मी डोकेदुखी कमी होते.

या नियमांत एक मोठी उणीव मात्र आहे. पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. वाटेत कुणीही वाचू शकतो. म्हणून आज साधं एफटीपी इंटरनेटवर वापरू नये. एफटीपीलिबमध्ये कुलूपबंद प्रकारही आहे, पण त्यात लॉगिननंतर मालाच्या वाटेलाही वेगळं कुलूप लावायची आज्ञा द्यावी लागते. ती राहिली तर पासवर्ड सुरक्षित आणि फाइल उघडी, असा प्रकार होतो. दुसरा पर्याय एसएफटीपी, ते २२ नंबरच्या पोर्टवर चालतं. हा २२ कसा मिळाला? १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलेनेन यांनी एसएसएच नावाचा सुरक्षित प्रोग्राम लिहिला आणि २१ व २३ यांच्या मधला रिकामा आकडा मिळेल का, असं आयानाला ईमेलने विचारलं. दुसऱ्याच दिवशी रेनॉल्ड्स यांचं उत्तर आलं, आकडा दिला. अर्ज नाही, फी नाही, शिक्का नाही!

दाढी, सॅंडल आणि यादी

पोस्टेल यांची छाती झाकणारी दाढी, पायांत सॅंडल, आणि सवड मिळाली की सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पायी भटकणं. दिसायला एखाद्या बैराग्यासारखे. त्यांचा एक नियम संगणकवाल्यांत प्रसिद्ध आहे : आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावेत, पण समोरून आलेलं थोडं वाकडंतिकडं असलं तरी समजून घ्यावं. आज काही तज्ज्ञांना हे पटत नाही. समजून घेत गेलं की समोरचा सुधारतच नाही, असं त्यांचं म्हणणं. पेपर तपासणाऱ्या कुणालाही दोन्ही बाजू पटतील.

देशांच्या नावांचा प्रश्नही त्यांनी शांतपणे सोडवला. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, हे ठरवायची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतलीच नाही. आंतरराष्ट्रीय मानकांत आधीच दोन अक्षरांची यादी होती, ती त्यांनी जशीच्या तशी वापरली. भारताचं ‘डॉट इन’ त्यातूनच आलं. मे १९८९ मध्ये त्याची नोंद झाली आणि ते सांभाळायला मिळालं मुंबईत जुहूला असलेल्या एनसीएसटी या संस्थेला. वसईहून चर्चगेट लोकल पकडून विलेपार्ल्याला उतरलं की जवळच. सर्वसामान्य लोकांना इंटरनेट मिळायला मात्र १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला.

जानेवारी १९९८

तोपर्यंत वहीची किंमत वाढली होती. वेबसाइटची नावं विकून कंपन्या पैसे कमवू लागल्या आणि सगळ्या नावांची मूळ यादी कुणाच्या ताब्यात असावी यावर भांडणं सुरू झाली. अमेरिकन सरकार, कंपन्या, इतर देश, सगळेच हक्क सांगू लागले. मूळ यादी जगाला पुरवणारे तेव्हा तेरा सर्व्हर होते. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी त्यांतल्या आठ सर्व्हरच्या चालकांना ईमेल पाठवून सांगितलं की यादी नेहमीच्या कंपनीकडून न घेता माझ्या संगणकावरून घ्या. आणि आठही जणांनी ऐकलं! एका माणसाच्या एका ईमेलवर.

वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. सरकारकडून फोन आले आणि पोस्टेल यांनी काही दिवसांत सगळं पूर्ववत केलं. हा एक प्रयोग होता, असं त्यांनी सांगितलं. जगातल्या कुणाचीही वेबसाइट या काळात बंद पडली नाही. कुणी याला बंड म्हणतं, कुणी इशारा. मला विचाराल तर त्या आठ जणांनी ऐकलं यात पोस्टेल यांची तीस वर्षांची कमाई दिसते, आणि त्याच वेळी हेही दिसतं की एवढी मोठी वही एकट्या माणसाच्या भरवशावर ठेवणं बरोबर नव्हतं. ते स्वतःही त्याच वेळी ही जबाबदारी एका संस्थेकडे सोपवायच्या तयारीला लागलेले होते. सप्टेंबर १९९८ मध्ये ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या तांत्रिक कामाची धुरा त्यांच्याकडेच जायची होती.

ते व्हायचं राहिलं. १९९१ मध्ये त्यांच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली होती. ती पुन्हा करावी लागली आणि त्यानंतरच्या गुंतागुंतीत १६ ऑक्टोबर १९९८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं ५५. दुसऱ्या दिवशी व्हिंट सर्फ यांनी त्यांच्यावर श्रद्धांजली लिहिली आणि ती आरएफसी म्हणूनच प्रसिद्ध झाली, क्रमांक २४६८.

त्यांच्या एफटीपीत एक काम अर्धं राहिलं होतं. १९८५ च्या नियमांत फाइलीचं नाव इंग्रजी अक्षरांतच धरलेलं होतं. मराठीत नाव दिलं तर पलीकडे पोहोचेपर्यंत त्याचा भलताच चिन्हांचा खिचडा व्हायचा. १९९९ मध्ये आरएफसी २६४० ने जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी नियम जोडला. पायथनच्या एफटीपीलिबने मात्र तो आपणहून पाळायला ऑक्टोबर २०२० उजाडला, आवृत्ती ३.९ मध्ये. आता पलीकडचा सर्व्हरही तो नियम पाळत असेल, तर ‘इयत्ता चौथी परिसर अभ्यास’ असं नाव दिलेली फाइल त्याच नावाने पोहोचते.