शेतात परतलेला प्रवासी

वीस वर्षांहून जास्त काळ भटकून आलेला माणूस नंतर काय करेल? गुरू नानकांनी नांगर धरला!

नानकांचा जन्म 1469 मध्ये तलवंडीचा. हे गाव आज पाकिस्तानात आहे, नानकाना साहिब नावाने. वडील गावचे हिशेबनीस. मुलाने व्यापारात पडावं, ही त्यांची इच्छा. पण नानकांचं मन त्यात रमेना. पुढे सुलतानपूरला नवाब दौलतखान लोदीच्या कोठारात नोकरी लागली. लग्न झालं, दोन मुलं झाली. तिशीत मात्र नोकरी सोडून ते पायी निघाले. सोबत होता गावचाच मरदाना. तो मुसलमान, रबाब वाजवणारा. नानक पदं गायचे आणि मरदाना साथ करायचा.

पन्नाशीच्या आसपास त्यांनी रावीकाठी करतारपूर वसवलं. अंगावरची फकिरी वस्त्रं उतरवली, बायको-मुलांसोबत राहू लागले आणि शेतीला लागले. देव शोधायला घरदार सोडावं लागत नाही, हे ते आयुष्यभर सांगत आले होते. आता ते रोज जगून दाखवायची वेळ होती. पहाटे आणि संध्याकाळी भजन, दिवसभर शेतात काम. पिकेल त्यातून सगळ्यांचं जेवण. जातपात न बघता सगळे एकाच पंगतीला. आज जगभर गुरुद्वाऱ्यांत चालणाऱ्या लंगरची मुळं इथे आहेत.

खरी कसोटी शेवटी लागली. गादी कुणाला द्यायची? दोन मुलगे होते. पण नानकांनी निवडला लहणा. हा बाहेरून आलेला शिष्य. जुन्या साखीत सांगतात, चिखलाने निथळणारा गवताचा भारा उचलायला मुलं तयार नव्हती, लहण्याने तो चांगल्या कपड्यांची पर्वा न करता डोक्यावर घेतला. नानकांनी त्याला अंगद नाव दिलं. शिखांचे दुसरे गुरू ते हेच. घराणं नाही, काम बघितलं गेलं.

1539 मध्ये नानक करतारपूरलाच गेले. हिंदू आणि मुसलमान, दोघांनी त्यांना आपलं मानलं. म्हणून तिथे समाधीही आहे आणि कबरही. जुनं गाव रावीच्या पुरात वाहून गेलं. आताची इमारत 1920 च्या दशकातली, पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग यांच्या देणगीतून उभी राहिलेली. 1947 मध्ये सीमारेषा अशी आली, की गुरुद्वारा पाकिस्तानात आणि जेमतेम चारेक किलोमीटरवर भारत. भाविक डेरा बाबा नानकच्या बाजूने दुर्बिणीतून दर्शन घ्यायचे. नानकांच्या 550 व्या जयंतीच्या तोंडावर, 9 नोव्हेंबर 2019 ला, विना व्हिसा जाण्यासाठीचा मार्ग खुला झाला.

दुर्बिणीतून पांढरा घुमट दिसायचा आणि त्याच्याभोवती शेतं. नानकांनी कसलेली जमीन ती हीच.