स्फटिकाला वाचा देणारा शास्त्रज्ञ : प्येर क्यूरी

कुंभाराकडून मडके घेताना जाणती माणसे त्यावर टिचकी मारून पाहतात. खणखणीत नाद आला तर मडके पक्के. बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे, असे समजावे. डोळ्यांस न दिसणारा दोष कानांस कळतो. पूल, विमाने, तेलवाहिन्या यांची परीक्षा आज याच तत्त्वावर करता येते. मात्र तेथे बोटाचे व कानाचे काम एक चिमुकली चकती करते. त्या चकतीचे मूळ ज्यांच्या संशोधनात आहे, ते प्येर क्यूरी रेडियमचे शोधक म्हणूनच अधिक परिचित आहेत.

त्यांचा जन्म १५ मे १८५९ रोजी पॅरिस येथे एका वैद्याच्या घरी झाला. मुलाचा स्वभाव अंतर्मुख व विचारात गढून जाणारा आहे हे ओळखून पित्याने त्यांना शाळेत न घालता घरीच शिकविले. अठराव्या वर्षी त्यांनी विज्ञानाची पदवी संपादन केली.

१८८० साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, थोरले बंधू झाक यांच्यासह त्यांनी एक अपूर्व शोध लावला. क्वॉर्ट्झ, तोरमल्ली, पुष्कराज अशा स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्भार प्रकट होतो. हीच दाबविद्युत्. पुढील वर्षी लिपमन या शास्त्रज्ञाने गणिताने असे दाखविले की, विद्युत् दिल्यास स्फटिकाचा आकारही बदलला पाहिजे. आणि क्यूरी बंधूंनी ते प्रयोगाने सिद्ध केले. म्हणजे एकच स्फटिक थरथरूही शकतो आणि दुसऱ्याची थरथर ओळखूही शकतो!

पुढे प्येर एका औद्योगिक विद्यालयात अल्प वेतनावर अध्यापन करू लागले. १८९५ मध्ये मारी स्क्लोडोव्हस्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला. किरणोत्सर्गाने निर्माण होणारा अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह मोजण्यास मारीबाईंना त्याच क्वॉर्ट्झच्या उपकरणाने साहाय्य केले. १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम यांचा शोध लागला, तर १९०३ मध्ये बेकेरेल यांच्यासमवेत उभयतांस नोबेल पारितोषिक मिळाले. सरकारने देऊ केलेले सन्मानचिन्ह प्येर यांनी नाकारले. त्यांना हवी होती प्रयोगशाळा, आणि मनाजोगी प्रयोगशाळा त्यांस अखेरपर्यंत लाभली नाही. १९ एप्रिल १९०६ रोजी, पावसाच्या दिवशी, पॅरिसच्या रस्त्यावर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. वय अवघे शेहेचाळीस!

परंतु त्यांचा स्फटिक मूक झाला नाही. त्यांचे शिष्य पोल लांझव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी क्वॉर्ट्झपासून श्राव्यातीत, म्हणजे मानवी कानांस ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या, लहरी उत्पन्न केल्या. १९१७ मध्येच इंग्लंडात होरेस लँब यांनी पातळ पत्र्यातून लहरी कशा जातात याचे गणित मांडले.

आज चकती बहुधा कृत्रिम दाबविद्युत् पदार्थाची असते. ती बांधकामास चिकटवून दोन प्रकारे परीक्षा घेतात. पहिल्या प्रकारात चकतीला निरनिराळ्या कंप्रतेची विद्युत् देऊन तिचा संरोध, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, मोजतात. जवळपास तडा पडला की बांधकामाची थरथर बदलते आणि तिच्यासह संरोधही बदलतो. निरोगी अवस्थेतील आलेख जपून ठेवलेला असल्यास हा भेद उमगतो. दुसऱ्या प्रकारात एक चकती लहर सोडते व दुसरी ती टिपते. पत्र्याच्या अथवा नळाच्या अंगाने ही लहर दूरवर जाते. वाटेत तडा असल्यास तिचा काही अंश परत फिरतो. पहिली रीत जवळचा बारीक दोष दाखविते, दुसरी दूरचा. तापमानानेही हे आलेख बदलतात. म्हणून प्रत्येक फरक म्हणजे तडाच, असे मानून चालत नाही.

अशा परीक्षेचे मोल गोमंतकीयांस सांगावयास नको. १९७० मध्ये वाहतुकीस खुला झालेला मांडवी नदीवरील पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला. पूल पडण्यापूर्वी त्याचे दुखणे कळावे, यासाठीच ही सारी खटपट.

विद्यार्थिमित्रहो, स्फटिक दाबून पाहणाऱ्या त्या दोघा भावांच्या मनात ना पूल होता, ना विमान. निसर्गाचे एक गुपित जाणून घ्यावे, एवढीच त्यांची आस होती. म्हणून ज्ञानाच्या लहानशा कणासही निरुपयोगी म्हणू नका. त्याची वेळ कदाचित अजून यावयाची असेल.